शीतनिष्क्रियता : प्रकाशकाल व व्यायाम यांचा परिणाम

थंडी व अन्नटंचाईच्या काळात काही सस्तन प्राणी आपला चयापचय मंद करून शरीराचे तापमान नियंत्रितपणे खाली आणतात. या अवस्थेला शीतनिष्क्रियता म्हणतात. भूखारींमध्ये (जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारींमध्ये) ती एका वेळी कित्येक दिवस टिकते, आर्क्टिक भूखारीचे तापमान तर –2.9° से.पर्यंत उतरल्याची नोंद आहे. सायबेरियन हॅम्स्टर या उंदरासारख्या लहान प्राण्यात मात्र ती दिवसातले काही तासच राहते, म्हणून तिला दैनिक जडावस्था म्हणतात.

थंडी एखाद्या वर्षी लवकर पडते, एखाद्या वर्षी उशिरा. दिनमान, म्हणजे दिवसातील उजेडाचा काळ (प्रकाशकाल), मात्र दरवर्षी ठरल्याप्रमाणे घटते, त्यामुळे हिवाळ्याची तयारी करण्यास तेच अधिक भरवशाचे. प्रकाशाचा संदेश डोळ्यांतून मेंदूतील जैविक घड्याळामार्फत मेंदूतीलच तृतीय नेत्र पिंड (पिनिअल ग्रंथी) येथपर्यंत पोहोचतो. हे पिंड रात्री मेलॅटोनीन हे संप्रेरक स्रवते आणि रात्र लांबली की स्रावाचा काळही लांबतो. 16 तास उजेडात वाढलेल्या सायबेरियन हॅम्स्टरला 8 तास उजेडात ठेवले, तर अन्न मुबलक असूनही त्याचे वजन उतरते, वृषणे आक्रसतात, करडी फर पांढरी होऊ लागते आणि सुमारे तीन महिन्यांनी तो दिवसा घरट्यात अंगाचे मुटकुळे करून निपचित पडू लागतो. तेव्हा 37° से.च्या आसपासचे तापमान 20° से.च्याही खाली जाते. वृषणांतून स्रवणारे टेस्टोस्टेरोन हे संप्रेरक दिल्यास ही अवस्था रोखली जाते. उलट उत्तर अमेरिकेतील सोनेरी भूखार वर्षभर समान उजेडात व तापमानात ठेवली तरी साधारण वर्षाच्या अंतराने निष्क्रिय होतेच. तिचे वार्षिक चक्र आतूनच चालते.

वडोदरा (सुमारे 22.3° उत्तर अक्षांश) येथे सर्वांत लहान दिवस साधारण पावणेअकरा तासांचा व सर्वांत मोठा साडेतेरा तासांचा असतो. हा फरक मध्यम आहे, हिवाळा सौम्य आहे आणि अन्न मिळत राहते, त्यामुळे येथील खारीला शीतनिष्क्रियतेची गरज पडत नाही. खार हिवाळाभर झोपते ही समजूत येथील मुलांच्या मनात विदेशी चित्रपुस्तकांतून रुजलेली आढळते. सयाजीबागेत ऐन डिसेंबरात दुपारी पाच पट्ट्यांची खार खोडावर शेपटी झटकत चिरकताना पाहिली, की ही समजूत दूर होते.

व्यायामाचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो पुरेसा लक्षात घेतला जात नाही. पळण्याने ऊर्जा खर्च होते, तेव्हा पळणारा प्राणी बचतीसाठी अधिक वेळा जडावस्थेत जाईल असे वाटते. प्रत्यक्षात लहान दिवसांत ठेवलेल्या सायबेरियन हॅम्स्टरांना पिंजऱ्यात पळण्यासाठी फिरते चक्र व भरपूर अन्न दिले असता ते अधिक खातात, त्यांचे वजन फारसे घटत नाही आणि जडावस्था जवळपास दिसत नाही. घरगुती उंदरांना मात्र चक्र फिरवल्यावरच अन्नाचा दाणा मिळेल अशी व्यवस्था करून प्रत्येक दाण्यामागचे श्रम वाढवत नेले, तर ते जडावस्थेत जाऊ लागतात. श्रम स्वेच्छेचे की पोटासाठीचे आणि त्या बदल्यात अन्न किती मिळते, यावर निष्पत्ती फिरते. म्हणून पिंजऱ्यात चक्र होते की नव्हते, ही बाब प्रकाशकालाच्या प्रयोगांत उजेडाच्या तासांइतक्याच काटेकोरपणे नोंदवली पाहिजे.