कोलंबसचं बोट अमेरिकेकडे नाही

बार्सिलोनात ला रांब्ला रस्ता बंदराला भिडतो, तिथे सुमारे ६० मीटर उंच स्मारकावर ॲडमिरल कोलंबस बोट दाखवत उभा आहे. ते बोट अमेरिकेकडे आहे, असं पर्यटकांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नकाशा उघडून बघा. अमेरिका पश्चिमेला, बोट साधारण आग्नेयेला, म्हणजे अल्जीरियाच्या बाजूला! इटलीतल्या जन्मगावाकडे, जिनोव्हाकडे म्हणावं, तर ते ईशान्येला. खरीच अमेरिका दाखवायची तर समुद्राकडे जवळजवळ पाठ करावी लागली असती, आणि बंदरावरच्या दर्यावर्दीला ते कसं शोभावं? स्मारक १८८८च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळचं. कोलंबस सफरीला निघाला तोही इथून नव्हे, स्पेनमधल्याच पालोस बंदरातून. बार्सिलोनाला आला तो १४९३मध्ये, परतल्यावर राजा-राणीला भेटायला.