इंटरनेटवरचं तुमचं खातं नेमकं कुणाच्या नावावर आहे?

आम्ही धंद्यांच्या वेबसाइट आणि गूगलवरची पानं सांभाळतो. आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांची पहिली मागणी ठरलेली असते: "गूगलवर आमचा जुना नंबर दिसतोय, तेवढा बदलून द्या." काम पाच मिनिटांचं. पण त्यासाठी त्या खात्यात शिरता आलं पाहिजे, आणि इथंच घोडं पेंड खातं. खातं उघडलं होतं भाच्यानं, नाहीतर आधीच्या वेबसाइटवाल्यानं, नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या मुलानं. ईमेल कुठला दिला होता ते आठवत नाही, ओटीपी ज्या नंबरवर जातो ते सिम कधीच बंद झालंय. मग पाच मिनिटांचं काम आठवड्यांवर जातं, आणि उशीर झाला की बोलणी आम्ही खातो.

खातं कुणाच्या नावावर आहे ते कसं तपासायचं, हे सांगायच्या आधी एका शंकेबद्दल. "आमचं गिऱ्हाईक ओळखीतून येतं, आम्हाला हे कशाला?" ओळखीतून येणारा माणूससुद्धा फोन करायच्या आधी तुमचं नाव शोधून बघतो. तिथं चुकीची वेळ किंवा बंद पडलेला नंबर दिसला, तर तो तुम्हाला कळवायला येत नाही, दुसरीकडे जातो. आणि तुम्ही काहीच केलं नाहीत म्हणून गूगलवर तुमचं पान नसेल असं समजू नका. गूगल मॅप्सवर कुणीही नवी जागा सुचवू शकतो, असलेल्या जागेची वेळ, नंबर बदलायला सुचवू शकतो, ती कायमची बंद झाली असंही कळवू शकतो. लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर यातला एखादा चुकीचा बदल तसाच राहून जातो.

आता मूळ मुद्दा. मालकी दोन ठिकाणी तपासायची: वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, आणि गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि मॅप्सवर दिसणारं तुमच्या धंद्याचं पान.

डोमेन विकत मिळत नाही, जागा भाड्यानं घ्यावी तसं ते मुदतीनं मिळतं. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवणीचे ईमेल येतात, पण ते नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता त्या सोडून गेलेल्या मुलाचा असेल तर तुम्हाला कळणार कसं? कळतं ते वेबसाइट उघडेनाशी झाल्यावर, आणि त्याच डोमेनवर ईमेल असतील तर तेही बंद पडल्यावर. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपली की नूतनीकरणासाठी आधी थोडी वाढीव मुदत असते; ती किती, हे डोमेन ज्या कंपनीकडून घेतलं तिच्यावर अवलंबून. मग डोमेन रद्द झालं तरी ३० दिवसांत ते सोडवता येतं, पण जादा पैसे मोजून. त्यानंतर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते कुणीही घेऊ शकतो. चालत्या धंद्याचं नाव सुटायची वाट बघत बसलेले लोक असतात, हे आम्ही घाबरवायला सांगत नाही.

प्रोफाइलचं जरा बरं आहे. दुसऱ्याच्या हातात असेल तर मालकीची रीतसर मागणी करता येते. उत्तर द्यायला सध्याच्या मालकाला ३ दिवस मिळतात. त्यानं काहीच कळवलं नाही तर पुढचा मार्ग बहुतेक वेळा मोकळा होतो, पण पडताळणी पुन्हा करावी लागते. हल्ली त्यासाठी अनेकदा व्हिडिओ मागतात: बाहेरची पाटी, आतली जागा, आणि जागा तुमच्याच ताब्यात आहे हे दाखवणारं काहीतरी, म्हणजे कुलूप उघडणं वगैरे. हा व्हिडिओ आम्ही आमच्या ऑफिसात बसून काढू शकत नाही. तुम्हालाच काढावा लागतो.

म्हणूनच आम्ही कुणाचंही डोमेन आमच्या नावावर घेत नाही. "तुमच्याच नावावर घ्या, आम्हाला कुठं त्यातलं कळतं" असं बरेच जण म्हणतात. पहिली भेट ईमेल, पासवर्ड, ओटीपी यांतच गेली म्हणून कुरकुरतातही. चालेल. खातं तुमचं, प्रोफाइलवर आम्ही फक्त मॅनेजर. उद्या आमचं काम पटलं नाही तर आम्हाला काढून टाकायला तुम्हाला आमची परवानगी लागणार नाही. ही सोय देणारा वेबसाइटवाला आमच्याऐवजी दुसरा मिळाला तरी घ्या, पण सोय सोडू नका.

"आमचं फुकटचं पान आहे की!" असू दे, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. गूगलनं प्रोफाइलसोबत दिलेल्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता पाटीवर आणि कार्डावर छापला होता, त्यांना सगळं नव्यानं छापावं लागलं. स्वतःचं डोमेन असलं की मागची सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो.

रिव्ह्यूंबद्दल थोडक्यात. विकतचे घेऊ नका. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणंही गूगलच्या नियमांत बसत नाही. नावापुढे 'सर्वोत्तम', 'स्वस्त' जोडायचा आग्रहही नको, त्यानं प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. "दोनदा फोन केला, उचलला नाही" असं कुणी लिहिलं असेल तर एवढं पुरे: "तुमचा फोन राहून गेला, माफ करा. दुपारी दोन ते चार आम्ही बाहेर कामावर असतो. त्या वेळात मेसेज टाकलात तर संध्याकाळपर्यंत आमचा फोन येईल." हे उत्तर त्या एकासाठी कमी आणि पुढे वाचणाऱ्या अनोळखी माणसांसाठी जास्त असतं.

रोज काहीतरी टाकत बसायची गरज नाही. महिन्यातून एकदा वेळ आणि नंबर तपासा, एखादा ताजा फोटो टाका, सुट्टीच्या दिवसांची वेळ आधी भरा. वेळ होत नसेल तर ते आम्ही करतो.

भेटीला येताना तुमचा चालू नंबर असलेला फोन, तुम्ही स्वतः उघडता तो ईमेल आणि जुन्या वेबसाइटवाल्याचं एखादं बिल सापडलं तर ते आणा. डॉट कॉमची मुदत कधी संपते ते सार्वजनिक नोंदीत कुणालाही बघता येतं. ती तारीख महिन्याभरावर आली असेल, तर भेटीची वाट न बघता आधी फोन करा.