चौकातल्या सेकंदांचा हिशेब

चौकातला सिग्नल ‘अद्ययावत’ झाला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा जुने खांब जाऊन नवे आले, बल्बच्या जागी एलईडी दिवे बसले आणि उलटे आकडे मोजणारा टायमर लागला, एवढेच आपल्याला दिसलेले असते. हे बदल निरुपयोगी मुळीच नाहीत. जुन्या बल्बमागच्या आरशावर मावळतीचे ऊन पडले की विझलेला दिवाही पेटल्यासारखा भासे. एलईडीने तो भ्रम बराच कमी केला, शिवाय विजेचा खप इतका घटवला की वीज गेल्यावर बॅटरीवर सिग्नल चालू ठेवणे परवडू लागले. परंतु चौकातली रांग दिव्याच्या जातीवर ठरत नाही. ती प्रत्येक दिशेच्या वाट्याला येणाऱ्या सेकंदांवर ठरते, आणि खांब बदलूनही सिग्नलच्या नियंत्रण पेटीतले हे आकडे जुनेच राहिले तर रांगही जुनीच राहते.

या आकड्यांचे शास्त्र ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेब्स्टर यांनी 1958 साली मांडले, आणि रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेने 1985 साली सिग्नलसाठी केलेल्या मार्गदर्शिकेतही त्यांचीच पद्धत आहे. तिचे मूळ असे की हिरवा दिवा लागल्यावर साठलेली रांग एका ठरावीक वेगाने सुटते आणि हा वेग मुख्यतः स्टॉपलाइनपाशी रस्ता किती रुंद आहे यावर अवलंबून असतो. एका दिशेची रुंदी मीटरमध्ये घेऊन तिला 525 ने गुणले, तर अखंड हिरवा दिवा असताना तासाला किती गाड्या सुटतील याचा अंदाज मिळतो. रुंदी 7 मीटर असेल तर हा आकडा 3675 होतो. प्रत्यक्ष मोजणीत त्या बाजूने तासाला 1470 गाड्या येत असतील, तर त्या बाजूची गरज 0.40, म्हणजे दर तासातील 40 टक्के वेळ हिरवा. आडव्या रस्त्याची गरज याच रीतीने 0.30 निघाली असे धरू. दोन्हींची बेरीज 0.70 झाली.

उरलेला वेळ मोकळा नसतो. हिरवा लागताच पहिला चालक गिअर टाकून निघेपर्यंत एक-दोन सेकंद जातात, आणि दिशा बदलताना चौक रिकामा व्हावा म्हणून काही सेकंद सगळीकडे लाल ठेवावा लागतो. दोन फेजच्या, म्हणजे मुख्य आणि आडव्या रस्त्याला आळीपाळीने हिरवा देणाऱ्या, सिग्नलला असा एकूण 10 सेकंदांचा तोटा होतो असे मानले, तर वेब्स्टर यांचे सूत्र सांगते की या तोट्याची दीडपट करून तीत 5 मिळवा आणि आलेल्या 20 ला, 1 मधून 0.70 वजा करून उरलेल्या 0.30 ने भागा. उत्तर साधारण 67 सेकंद येते. ही सिग्नलची ‘सायकल’, म्हणजे सर्व दिशांना एकेकदा हिरवा मिळून एक फेरा पूर्ण होण्याचा वेळ. तोटा वगळून राहिलेले 57 सेकंद 40 आणि 30 या प्रमाणात वाटले की मुख्य रस्त्याला 33 आणि आडव्या रस्त्याला 24 सेकंद मिळतात.

आता याच चौकात मुख्य रस्त्याच्या तोंडाशी, स्टॉपलाइनला लागून, दीड मीटर जागा उभ्या रिक्षांनी किंवा गाड्यांनी अडवली असे समजू. रुंदी 7 वरून 5.5 मीटर होते, सुटण्याचा वेग 2888 वर येतो, मुख्य रस्त्याची गरज 0.51 होते आणि दोन्हींची बेरीज 0.81. सूत्राचा छेद 0.19 इतका बारीक झाल्यामुळे सायकल 67 सेकंदांवरून 105 सेकंदांवर जाते. एकही वाहन वाढलेले नसताना चौकातली प्रत्येक व्यक्ती आता जास्त थांबते. सिग्नलच्या आधुनिकीकरणाच्या अंदाजपत्रकात हे दीड मीटर सहसा कुठे दिसत नाहीत, आणि मला वाटते त्या साऱ्या कामातला सर्वांत स्वस्त सुधार तोच असतो.

रांग वाढली की सायकल लांबवावी, हा सहज सुचणारा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो. 10 सेकंदांचा तोटा असताना 60 सेकंदांच्या सायकलमधील 83 टक्के वेळ कामी येतो, 120 सेकंदांच्या सायकलमधील 92 टक्के आणि 180 सेकंदांच्या सायकलमधील 94 टक्के. म्हणजे शेवटचे पूर्ण मिनिट वाढवून पदरात दोन-तीन टक्केच पडतात, आणि लाल दिव्यापाशी उभा राहणारा माणूस मात्र तेवढा अधिक वेळ ताटकळतो. चारही बाजूंना एकेक करून स्वतंत्र हिरवा देण्याची आपल्याकडची पद्धत तर याहून महाग पडते. उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांची समोरून येणाऱ्यांशी टक्कर टळते, हा तिचा खरा गुण. पण समोरासमोरच्या बाजू एकाच वेळी सुटत नसल्याने आपल्या मूळ उदाहरणातील गरजांची बेरीज दुप्पट, म्हणजे 1.40 होते. बेरीज 1 च्या पुढे गेली की कोणतीही सायकल लावा, रांग संपणार नाही. मग उजव्या वळणासाठी वेगळी लेन काढणे किंवा ते वळण पुढच्या चौकात नेणे, असे रस्त्याच्या रचनेतले उपाय करावे लागतात.

वर मी ‘गाड्या’ म्हटले, तो शब्दही थोडा खुलासा मागतो. हिशेबात सारी वाहने कारच्या परिमाणात बदलून घेतात. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने 2017 साली तयार केलेल्या भारतीय क्षमता-पुस्तिकेत सिग्नलवरची दुचाकी साधारण 0.4 कार इतकी धरली आहे, कारण दुचाक्या फटींतून पुढे सरकत स्टॉपलाइनपाशी जमतात आणि हिरवा लागताच एकत्र सुटतात.

सर्वांत अवघड हिशेब मात्र पिवळ्या दिव्याचा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. पिवळा दिसल्यावर चालकाला भान येण्यास एक सेकंद आणि त्यानंतर सौम्य ब्रेकने थांबण्यास लागणारे अंतर धरले, तर एकूण 46 मीटर लागतात. पिवळा फक्त 2 सेकंदांचा असेल तर तेवढ्या वेळात गाडी 28 मीटरच जाईल. म्हणजे स्टॉपलाइनपासून 28 ते 46 मीटरच्या पट्ट्यात असलेल्या चालकाला नीट थांबताही येत नाही आणि लाल लागण्यापूर्वी रेषा ओलांडताही येत नाही. तो कितीही कायदाप्रिय असला तरी चुकणारच. ही कोंडी गाझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी 1960 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत काम करताना गणिताने दाखवून दिली. यांतले रॉबर्ट हर्मन म्हणजे विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचे भाकीत 1948 साली राल्फ अल्फर यांच्यासह करणारे भौतिकशास्त्रज्ञ. या तिघांच्या सूत्रानुसार वरील वेगाला सव्वातीन सेकंदांहून थोडा अधिक पिवळा हवा. त्यापुढचा ‘सगळीकडे लाल’ किती असावा हे चौकाच्या रुंदीवरून ठरते, आणि इथे कारचा विचार पुरत नाही: भरलेला ट्रक ताशी 25 किलोमीटरने निघाला तर स्वतःच्या लांबीसह 30 मीटर पार करायला त्याला चार सेकंदांहून अधिक वेळ लागतो.

पादचाऱ्यासाठीही असाच ताळा करून पाहावा लागतो. आपल्या उदाहरणातील मुख्य रस्ता दुभाजकासह 16 मीटर रुंद असेल, तर सेकंदाला 1.2 मीटर या प्रमाणित चालीने तो ओलांडायला 13 सेकंद लागतात. फुटपाथवरून उतरण्याचे 7 सेकंद मिळवले की 20, आणि मुख्य रस्ता थांबलेला असताना आडव्या रस्त्याला मिळणारा हिरवा 24 सेकंद आहे. पण काठी टेकत सेकंदाला 0.9 मीटर चालणाऱ्या आजींना ते 7 सेकंद धरून 25 सेकंद लागतील. वेब्स्टर यांच्या सूत्रात या आजी कुठेच नाहीत; त्यांच्यासाठी आडव्या रस्त्याचा हिरवा हाताने वाढवावा लागतो, किंवा दुभाजकावर थांबण्याइतकी सुरक्षित जागा ठेवावी लागते.

गर्दी ओळखून स्वतःच सेकंद बदलणारे सिग्नल सिडनीत 1970 च्या दशकातच सुरू झाले. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांवर ते गाड्या मोजत. लेनची शिस्त नसलेल्या आणि दर पावसाळ्यानंतर खणल्या जाणाऱ्या आपल्या रस्त्यांवर ही वेटोळी टिकणे कठीण, म्हणून इथे कॅमेऱ्यांवर भर आहे, आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने भारतीय मिश्र वाहतुकीसाठी स्वतंत्र नियंत्रणप्रणालीही घडवली आहे. मात्र अशा सिग्नलचे आपल्या लाडक्या टायमरशी पटत नाही. हिरवा आणखी किती सेकंद राहील हे यंत्राने अजून ठरवलेलेच नसेल तर टायमर दाखवणार काय? आकडा 12 वरून एकदम 4 वर उडी घेतो आणि चालकाचा त्यावरचा विश्वास उडतो. मुंबई पोलिसांनी हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचा टायमर पुन्हा सुरुवातीला नेणारा प्रयोग काही चौकांत केला आणि 2020 च्या आरंभी तो गाजला, तेव्हा आकड्याच्या त्या उडीचा जाणूनबुजून उपयोग केला होता. एरवी गर्दीनुसार चालणाऱ्या चौकात टायमर शेवटच्या, निश्चित झालेल्या काही सेकंदांपुरताच उजळवणे, हीच सध्या व्यवहारातली तडजोड दिसते.