ज्येष्ठमध रोज चघळताय? मग एकदा बीपी चेक करा

घसा बसला की ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरायची, हे आपल्याकडे सगळेच करतात, गाणारी मंडळी तर हमखास. दोन-चार दिवस असं केलं तर सहसा काही होत नाही. पण काही लोक रोज, महिनोन्महिने खातात, काढ्यात घालतात, पावडर मधातून चाटतात आणि वर म्हणतात "आयुर्वेदिक आहे, काय होतंय", त्यांची मला खरंच काळजी वाटते.

ज्येष्ठमधाला गोडी येते ती ग्लिसरायझिनमुळे, साखरेपेक्षा साधारण ५० पट गोड! आपल्या किडनीत एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉल या हार्मोनला तिथल्या तिथे निकामी करतं. ग्लिसरायझिनमुळे त्या एन्झाइमचं कामच अडतं, मग उरलेलं कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखं (शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावणारं हार्मोन) वागायला लागतं, किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम मात्र लघवीवाटे जात राहतं. बीपी वाढतं, पायावर सूज येते, स्नायूंची ताकद जाते, आणि पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. गंमत म्हणजे रक्तात अल्डोस्टेरॉन तपासलं तर ते कमीच निघतं, त्यामुळे पेशंटने स्वतःहून सांगितलं नाही तर डॉक्टरांनाही कारण पटकन सापडत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधली ५४ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराची केस २०२० मध्ये छापून आली होती. तो रोज दीड पाकीट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खायचा, काही आठवडे असं चाललं आणि एका फास्ट फूडच्या दुकानात त्याचं हृदय बंद पडलं, तो वाचला नाही. तिथलं एफडीए, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, सांगतं की वय ४० च्या पुढे असेल आणि अशा काळ्या गोळ्या रोज ५७ ग्रॅम असं दोन आठवडे खाल्लं तरी हॉस्पिटल गाठायची वेळ येऊ शकते. युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिनची, म्हणजेच ग्लिसरायझिक अ‍ॅसिडची मर्यादा सांगितली जाते, पण २०२४ मध्ये स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात तरुण, धडधाकट लोकांना तेवढंच दिलं तर त्यांचंही बीपी थोडं वाढलं.

बीपी, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल, लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन (हृदयासाठीचं एक औषध) चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. गरोदर बायकांनी तर लांबच राहावं, फिनलंडमध्ये त्यांना तसा सरकारी सल्लाच आहे. खाणं थांबवलं की बहुतेकांचं बीपी आणि पोटॅशियम परत जागेवर येतं, फक्त त्याला काही आठवडे लागू शकतात.