लंडनचं ‘इंडियन’ हॉटेल कुणाचं?

बेळगाव-निपाणीकडचं पोरगं लंडनला शिकायला निघालं की कुणीतरी सांगतंच: तिथली इंडियन हॉटेलं पंजाब्यांचीच. नाही हो. साउथॉलसारख्या भागात पंजाब्यांची आहेत, पण ब्रिटनभरातली बरीचशी ‘करी हाउस’ बांगलादेशातल्या सिल्हेटच्या लोकांनी उभी केली. हे मूळचे बोटींवरचे खलाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी बॉम्बहल्ल्यात मोडकळलेले कॅफे स्वस्तात घेतले, फिश-चिप्स चालूच ठेवले आणि जोडीला करी-भात मांडला. पब सुटल्यावर येणारं गिऱ्हाईक त्यालाच चटावलं. मेनूवर नावं मात्र तंदुरी, कोर्मा अशी. मग गैरसमज होणारच! लंडनमधलं पहिलं भारतीय हॉटेलही पंजाब्याचं नव्हतं. १८१० मध्ये ते काढलं पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी, आणि दोनेक वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं.