द ग्रेट गॅट्सबी : पात्रे आणि सामाजिक वर्ग

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड (१८९६–१९४०) या अमेरिकी लेखकाची ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. लेखकाच्या हयातीत तिचा खप बेताचाच राहिला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटलेल्या स्वस्त आवृत्तीतून ती घरोघरी पोहोचली आणि पुढे अमेरिकी शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात कायमची बसली.

कथानक १९२२च्या उन्हाळ्यातले, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे. पाण्याच्या एका काठावर ईस्ट एग, म्हणजे पिढीजात श्रीमंतांची वस्ती. समोर वेस्ट एग, नव्याने पैसा आलेल्यांची. शहराकडे जाताना राखेचे ढीग लागतात. तिथे जॉर्ज विल्सनचे गॅरेज आहे.

वर्गाचा अभ्यास या नकाशापासून सुरू होतो, पण तेवढ्यावर थांबला तर कादंबरी हातून निसटते. नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकरी घरातला जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी ‘जे गॅट्सबी’ हे नाव घेतो आणि दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूच्या धंद्यात गडगंज होतो. पैसा आता त्याच्याकडेही आहे. नाहीत त्या वरच्या वर्गाच्या, कुणी शिकवत नाही अशा खाणाखुणा.

सहाव्या प्रकरणातला एक छोटा प्रसंग यासाठी पुन्हा पुन्हा वाचावा. ईस्ट एगमधला टॉम ब्यूकॅनन, स्लोन नावाचे गृहस्थ आणि एक बाई घोड्यांवरून रपेट करताना गॅट्सबीकडे थांबतात. निघताना बाई त्याला जेवायला बोलावते. आमंत्रण तोंडदेखले आहे हे बाकी सगळ्यांना कळते, त्याला कळत नाही. माझ्याकडे घोडा नाही, मोटारीने मागोमाग येतो, असे सांगून तो आत जातो. टोपी आणि कोट घेऊन बाहेर येतो तोवर मंडळी निघून गेलेली असतात. त्याच्या तोंडावर वावगा शब्द कुणी काढलेला नाही. वर्गाची भिंत इतक्या कमी शब्दांत उभी केलेली क्वचितच वाचायला मिळते.

गॅरेजवाल्या जॉर्जची बायको आणि टॉमची प्रेयसी मर्टल विल्सन दुसऱ्या टोकाला आहे. नवऱ्याने लग्नात घातलेला सूट उसना होता, हे मालक तो परत न्यायला येतो तेव्हा तिला कळते. ही सल तिच्या मनातून कधी जात नाही. टॉमने घेतलेल्या फ्लॅटमध्ये कपडे बदलताच तिचा नूर पालटतो, नोकरमाणसांबद्दल ती मालकिणीच्या तोऱ्यात बोलू लागते. पण ती टॉमच्या बायकोचे, डेझीचे, नाव घेत राहते तेव्हा टॉम एका फटक्यात तिचे नाक फोडतो.

अभ्यासात निवेदक निक कॅरावे बहुधा सुटून जातो. तो खाऊनपिऊन सुखी घरातला, येल विद्यापीठाचा पदवीधर, डेझीचा दूरचा नातलग. गॅट्सबी आपल्याला दिसतो तो याच नजरेतून, त्यामुळे निकची सहानुभूती आणि त्याचा नाक मुरडण्याचा स्वभाव, दोन्ही तपासायला हवेत.

शेवटच्या प्रकरणात गॅट्सबीचे वडील त्याच्या अंत्यविधीला येतात आणि मुलाचे लहानपणीचे एक पुस्तक दाखवतात. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर १२ सप्टेंबर १९०६ या तारखेखाली पोराने स्वतःसाठी दिनक्रम लिहिला आहे. पहाटे सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम. संध्याकाळी पाच ते सहा या वेळेसमोर लिहिले आहे: वक्तृत्वाचा सराव, आणि चारचौघांत डौलाने कसे वावरावे, तो डौल कसा मिळवावा.