कियांतीच्या टेबलावरची थंड थाळी

इटलीतल्या फ्लोरेन्सहून सुटलेली बस तासाभरात ग्रेव्हे गावाच्या तिकोनी चौकात आणून सोडते. तिथून चढावर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध असलेल्या एका जुन्या दगडी घरात मी पहिल्यांदा वाईन-टेस्टिंगला बसले. वाईनमधलं मला काहीएक कळत नव्हतं आणि तसं मी बुकिंग करतानाच सांगून टाकलं होतं. समोर चार पेले मांडलेले. लाकडी पाटावर पावाचे जाड काप, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, सलामी या खारवलेल्या मांसाच्या चकत्या आणि बशीत हिरवट ऑलिव्ह तेल. गरम असं काहीच नाही. वाईन ओतणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी पाव खा." खाल्ला, तर साफ अळणी. मीठ घालायला विसरले असतील असंच वाटलं.

विसरले नव्हते. त्या पावात मीठ का नाही, थाळी थंड का, शेतकऱ्याच्या घरात शेतकरी का राहत नाही आणि माझ्यासारख्या अनोळखी बाईला तिथे बोलावतात ते का, हे सगळं इथल्या तोस्काना, म्हणजे टस्कनी, प्रांताच्या इतिहासात दडलेलं आहे. जाण्याआधी हे ठाऊक असतं तर द्राक्षांच्या जातींची नावं पाठ करण्यात मी आदली संध्याकाळ घालवली नसती.

कियांती हे आधी एका डोंगराळ मुलुखाचं नाव, वाईनचं नंतर. 1398 सालच्या एका व्यापारी कागदात कियांतीच्या वाईनचा उल्लेख येतो, तो चक्क पांढऱ्या वाईनचा. पुढे 24 सप्टेंबर 1716 रोजी तोस्कानावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने जाहीरनामा काढून कियांतीसह चार टापूंच्या हद्दी ठरवून दिल्या. परमुलखात जाणाऱ्या मालात भेसळ होऊन नाव खराब होऊ नये, ही त्यामागची काळजी. हापूसला किंवा नाशिकच्या द्राक्षांना आज आपण जीआय मानांकन घेतो, त्याचंच हे तीनशे वर्षांपूर्वीचं रूप.

घरात मात्र वाईन म्हणजे तेल-पिठासारखी रोजची वस्तू. फ्लोरेन्सच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत, रस्त्याच्या बाजूला, वीत-दीड वीत उंचीच्या कमानदार खिडक्या दिसतात. लहान मुलांसाठी केलेल्या दारांसारख्या. सोळाव्या शतकात सरदार घराण्यांना आपल्या शेतावरची वाईन राहत्या वाड्यातून थेट विकायची मुभा मिळाली, तेव्हा या बुकेत्ते, म्हणजे 'वाईनची भोकं', भिंतीत आली. गिऱ्हाईक बाहेरून टकटक करायचं, रिकामा बुधला आत सरकवायचं, भरून घ्यायचं. 1630 च्या प्लेगमध्ये विक्रेते नाणी हातात घेत नसत. तांब्याच्या पळीवर घेऊन व्हिनेगरमध्ये बुडवत. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा शहरातल्या काही दुकानांनी याच खिडक्या पुन्हा उघडल्या. फ्लोरेन्समध्ये असाल तर टेस्टिंगच्या आदल्या दिवशी एखादी बुकेत्ता शोधून काढाच. वाईन ही इथे दिवाणखान्यातली मिरवायची वस्तू नव्हती, हे त्या एका भोकातून समजतं.

कियांतीच्या मिश्रणाचं सूत्र ज्याने घालून दिलं तो बॅरन बेत्तीनो रिकासोली हा 1861 मध्ये एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान झालेला माणूस. कडक स्वभावामुळे लोक त्याला लोखंडी बॅरन म्हणत. ब्रोलिओच्या आपल्या गढीत त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1872 मध्ये पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला पत्र लिहून निष्कर्ष कळवला. वाईनचा सुगंध आणि जोम सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून येतो, कानायोलोमुळे ती मऊ होते आणि मालवाझिया हे पांढरं द्राक्ष घातलं की हलकी होऊन रोजच्या जेवणात चालते. मुरवण्यासाठी ठेवायची असेल तर मालवाझिया नको, हेही त्याने लिहिलं होतं. पंतप्रधानपदावर राहिलेला माणूस रोजच्या जेवणाचा विचार करून प्रमाण बसवतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या काळाने त्याच्या पत्रातला 'रोजचं जेवण' हा भाग धरला आणि 'मुरवायची असेल तर' हा सोडला. 1967 मध्ये कियांतीला डीओसी हा सरकारी दर्जा मिळाला, तेव्हा पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचंच होऊन बसलं.

तोवर गावं बदलून गेली होती, आणि या गोष्टीचा खरा गाभा तिथे आहे.

तोस्कानातली शेती शेकडो वर्षं मेझ्झाद्रिया पद्धतीने चालली. मेझ्झो म्हणजे अर्धा. जमीन आणि घर मालकाचं, राबणूक कुळाची, पीक अर्धं-अर्धं. आपल्याकडच्या अर्धेलीसारखं किंवा बटईसारखंच. एकाच शेतात गहू, ऑलिव्ह आणि मॅपलच्या झाडांवर चढवलेले द्राक्षवेल. या वेलांना तिकडे 'लग्न लागलेले वेल' म्हणत. कुळाच्या घरात लग्न करायचं तरी मालकाची परवानगी लागे. आपल्या वाट्याची चांगली वाईन कुळं बहुधा विकत आणि स्वतः द्राक्षाच्या चोथ्यावर पाणी घालून काढलेली पातळ वाईन पीत. आज टेस्टिंगच्या टेबलावर जे 'शेतकऱ्याचं साधं जेवण' म्हणून येतं, ते त्या शेतकऱ्याला इतक्या सढळ हाताने कधी मिळालं असेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळं कोसळलं. 1964 मध्ये अर्धेलीचे नवे करार करायला कायद्याने बंदी आली आणि 1982 मध्ये उरलेल्या करारांचं भाडेपट्ट्यात रूपांतर करायचं ठरलं. आपल्याकडे 1948 च्या कूळकायद्याने आणि 1957 च्या कृषकदिनाने अनेक कुळांच्या नावावर जमिनी चढल्या. तोस्कानातल्या कुळांनी मात्र कायद्याची वाट न पाहता शेतीच सोडली. प्रातोच्या कापड गिरण्यांत, फ्लोरेन्सच्या कारखान्यांत ठरलेला पगार होता, घरात नळ होता. टेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली. मालकांनी मिश्र शेती मोडून सरळ रांगांचे, ट्रॅक्टर फिरेल असे द्राक्षमळे लावले. त्यात भर उत्पन्नावर होता, प्रतीवर कमी. याच काळात गवताच्या टोपलीत बसवलेला गोल बुडाचा फियास्को हा बुधला स्वस्त कियांतीची ओळख होऊन जगभरच्या हॉटेलांत मेणबत्त्या लावायच्या कामी आला.

मी बसले होते ते घर अशाच एका कुळाचं होतं. जिथे आता पेल्यांचं कपाट आहे तिथे गोठा होता, असं बाईंनी सांगितलं. भिंतीत दावणीच्या लोखंडी कड्या अजून आहेत. ही रिकामी घरं पुन्हा वापरात आली ती 1985 च्या कायद्याने. शेतावर पाहुण्यांना राहू-जेवू घालायला त्याने मान्यता दिली. 'आग्रीतुरिझ्मो' हा शब्द आज आपल्या कोकणातल्या फलकांवरही 'कृषी पर्यटन' होऊन दिसतो.

आणि मग 1986 चा मार्च उजाडला. प्येमोंते प्रांतातून निघालेल्या स्वस्त वाईनमध्ये अल्कोहोलचं प्रमाण वाढवायला मिथेनॉल मिसळलं गेलं होतं. विषारी दारूच्या बातम्यांमुळे हे नाव आपल्याला दुर्दैवाने चांगलंच माहीत आहे. वीसहून जास्त माणसं दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. परदेशी बंदरांत इटालियन वाईन अडवली गेली. कियांतीच्या गावांनी काही केलं नव्हतं, पण संशय सगळ्यांवर आला. त्याच महिन्यात रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्सचं दुकान उघडलं आणि त्याविरुद्धच्या निदर्शनांत प्येमोंतेचेच कार्लो पेत्रिनी पुढे होते. त्यातूनच स्लो फूड चळवळ उभी राहिली. तिचा जाहीरनामा 1989 मध्ये पॅरिसला मंजूर झाला. आपल्या ताटात आलेलं कुणी पिकवलं, कसं केलं हे खाणाऱ्याला कळलं पाहिजे, हे तिचं मूळ म्हणणं. मिथेनॉलनंतर त्याला फार वेगळं वजन आलं.

वाईन करणाऱ्यांनी दारं उघडली ती या पार्श्वभूमीवर. 1993 मध्ये मोंताल्चिनोच्या वाईन उत्पादक दोनातेल्ला चिनेल्ली कोलोंबिनी यांच्या पुढाकाराने वाईन पर्यटनाची चळवळ सुरू झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस 'कांतीने आपेर्ते', म्हणजे 'उघडी तळघरं', हा दिवस पाळला जाऊ लागला. त्याआधी तळघरात जायचं तर व्यापारी तरी असावं लागे, नाहीतर ओळखीचं तरी. चाखण्याची शिस्तही तोवर तयार होतीच. 1965 मध्ये मिलानला सॉमेलियेंची, म्हणजे वाईन जाणून वाढणाऱ्यांची, संघटना स्थापन झाली होती. पाहा, हुंगा, मग घोट घ्या हा क्रम नवख्या पाहुण्यांपर्यंत पोचला तो अशाच जाणकारांमुळे. वाईन पर्यटनाला कायद्यात जागा मिळाली 2017 च्या अखेरीस आणि मार्च 2019 च्या आदेशात नियम आले. टेस्टिंगबरोबर द्यायचे पदार्थ त्या भागातले आणि थंड असावेत, म्हणजे मळ्याचं उपाहारगृह होऊ नये. माझ्या पुढ्यातल्या थंड थाळीचं उत्तर इथे होतं.

आता त्या थाळीबद्दल. तोस्कानाचा पाव शेकडो वर्षं अळणीच आहे. पिसाने बंदरात मीठ अडवलं म्हणून, अशी गोष्ट सांगतात. कारण काहीही असो, इथलं चीज आणि सलामी खारट, त्यामुळे पाव अळणी असला की तोंडाला बरं वाटतं. दोन वाईनच्या मध्ये तो खाल्ला की जीभ कोरी होते. सांजोवेझे आंबट आणि तुरट. पहिल्या घोटाला जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली गेली. बाई म्हणाल्या, आता पेकोरिनोचा तुकडा खा आणि परत पी. तीच वाईन एकदम गोलाईदार लागली. तुरटपणा आणणारी द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात. तोंडात चीज असलं की ती चीजच्या प्रथिनांना चिकटतात आणि जिभेची सुटका होते. कोरा कडक चहा दूध घातलं की मवाळ होतो, त्यामागेही हेच. सांजोवेझेला जेवण लागतंच, हे मला पुस्तकातून नव्हे, त्या तुकड्याने समजावलं. शाकाहारी मंडळींनी मात्र एक विचारून घ्यावं. पेकोरिनो बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. रानटी काट्याच्या फुलांनी विरजलेलंही मिळतं, पण ते मागावं लागतं.

सलामीला फिनोक्योना म्हणतात. फिनोक्यो म्हणजे बडीशेप. मिरी महाग, तर रानातली बडीशेप फुकट, म्हणून ती घातली गेली असं सांगतात. दुसरी गोष्ट अशी की खराब वाईन खपवायची असली की गिऱ्हाइकाला आधी बडीशेपेचं काही चारत. 'इनफिनोक्यारे' या इटालियन क्रियापदाचा अर्थच 'गंडवणे' असा आहे. गोष्ट खरी असो वा नसो, बडीशेप चावल्यावर साधं पाणीही गोड लागतं हे आपल्याला माहीत आहे. म्हणून नवी वाईन आली की पहिला घोट फिनोक्योनाच्या आधी घ्यावा.

बाटलीच्या गळ्यावरचा काळा कोंबडा ही कियांती क्लासिकोची खूण. 14 मे 1924 रोजी राद्दा गावात 33 उत्पादक एकत्र आले आणि आपल्या नावाच्या रक्षणासाठी त्यांनी संघ काढला. कोंबडा मध्ययुगातल्या कियांती संघाचा. फ्लोरेन्स आणि सिएना यांनी हद्द ठरवायला कोंबडा आरवताच स्वार सोडायचे, ते भेटतील तिथे हद्द, असं ठरवलं, फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो मध्यरात्रीच आरवला, अशी आख्यायिका आहे. टेस्टिंगला तुम्हाला ती ऐकवतीलच. 'कियांती' आणि 'कियांती क्लासिको' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र ध्यानात ठेवा. 1932 मध्ये नावाची हद्द भोवतालच्या टेकड्यांपर्यंत वाढवली गेली आणि मूळ मुलुखाच्या वाट्याला 'क्लासिको' हा शब्द आला.

मी महाराष्ट्रातून आले म्हटल्यावर बाईंना अकलूज ऐकून माहीत होतं, याचं मला नवल वाटलं. वाटायला नको होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या मळ्यांत सांजोवेझे लावलं आहे आणि तिथली वाईन घडवली ती पिएरो मासी या तोस्कानाच्याच माणसाने. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची आणि अकलूजचे मोहिते-पाटील या भावांच्या जोड्या तिच्या स्थापनेत होत्या.

शेवटी छोट्या पेल्यांत मधाच्या रंगाची विन सांतो आली आणि सोबत बदामाची टणक बिस्किटं. द्राक्षं महिनोन्‌महिने टांगून सुकवायची, मग रस काढून लहान पिंपांत, छपराखाली, उन्हाळ्याच्या उकाड्यात आणि हिवाळ्याच्या गारठ्यात काही वर्षं ठेवायची. अर्धेलीच्या दिवसांतही ही बाटली शेतकऱ्याच्या घरात असे आणि ती पाहुणा आला की निघे. बिस्किट कसं खायचं ते बाई दाखवणार होत्या. त्याआधीच मी ते पेल्यात बुडवलं होतं.